एवढ्या लहान मुलीला ही लस कशाला? : एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर

"एवढ्या लहान पोरीला कशाला?"

सांगली-साताऱ्याकडच्या शाळांत पालकसभेला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्हीच्या लसीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. जिच्या दप्तरात अजून सागरगोटे सापडतात अशा दहा-बारा वर्षांच्या मुलीला कॅन्सरची लस का द्यायची? तीही अशा कॅन्सरची, जो बाईला चाळिशी-पन्नाशीत होतो? सांगणाऱ्यानं इथं गुळमुळीत उत्तर दिलं की आयाबाया एकमेकींकडे बघतात आणि विषय तिथंच मिटतो. नीट, खरं आणि न लाजता उत्तर मिळालं तर बहुतेक आया तयार होतात, हा माझा विश्वास आहे. म्हणून हा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी आजार समजून घेऊ. आपल्याकडे बायका गर्भाशयाला पिशवी म्हणतात. या पिशवीचं खालचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख. पाळीचं रक्त इथूनच बाहेर येतं आणि बाळंतपणात मूलही इथूनच येतं. या तोंडावरच्या पातळ अस्तरात होणारा हा कॅन्सर. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरांत स्तनाच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर लागतो. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात १ लाख २७ हजारांहून अधिक बायकांना तो नव्यानं झाला आणि जवळपास ८० हजार बायका त्यानं दगावल्या. दर सात मिनिटांना साधारण एक बाई.

या आकड्यांमागची गोष्ट बहुतेक घरांत सारखीच असते. अंगावरून पांढरं जात होतं, वास येत होता, पण सांगायचं कुणाला? पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि परत लाल जायला लागलं, तेव्हा वाटलं उष्णता असेल. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसायचं, ते तर बहिणीलाही सांगितलं नाही. सुगी होऊ दे, लेकीचं लग्न होऊ दे, असं करत बाई मिरजेच्या नाहीतर कराडच्या मोठ्या दवाखान्यात पोचते तेव्हा आजार पिशवीच्या तोंडापुरता राहिलेला नसतो. लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. उशिरा सापडला तर किरणं, केमोथेरपी, मुंबईच्या खेपा, आणि घरातली म्हैस नाहीतर जमिनीचा तुकडा विकणं.

इतर बऱ्याच कॅन्सरांबाबत "का झाला" याचं धड उत्तर डॉक्टरांकडेही नसतं. इथं मात्र ते आहे. या कॅन्सरमागं जवळजवळ नेहमी एकच विषाणू असतो, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास या कॅन्सरच्या गाठींमधून या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे काढून दाखवले. २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींनी हातापायावर चामखीळ येते, काहींनी काहीच होत नाही. कॅन्सरपर्यंत नेणारे डझनभर, आणि त्यातही १६ आणि १८ हे मुख्य. जगभरातल्या दहातल्या सात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरांना हे दोनच जबाबदार असतात. भारतात त्यांचा वाटा आणखी थोडा जास्त.

हा विषाणू पसरतो कसा, ते पालकसभेत सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. तो लैंगिक संबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. निरोधानं धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही, कारण निरोधानं न झाकलेल्या भागावरूनही तो जाऊ शकतो. संबंध सुरू झाल्यावर जगातल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतोच. ताप येत नाही, खाज सुटत नाही, कळतही नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपसूक हुसकावून लावतं. उरलेल्या एखादीत तो चिकटून बसतो, आणि अस्तराच्या पेशी हळूहळू बिघडायला लागतात. हे इतकं सावकाश होतं की कॅन्सर व्हायला पंधरा ते वीस वर्षं जातात. एचआयव्हीमुळे किंवा दुसऱ्या कारणानं प्रतिकारशक्ती खालावली असेल तर हेच पाच-दहा वर्षांत होऊ शकतं. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. एचआयव्हीचे वाईट दिवस सांगली जिल्ह्यानं फार जवळून पाहिलेत, म्हणून हे इथं मुद्दाम सांगते.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हा विषाणू होणं म्हणजे चारित्र्य वाईट असणं नव्हे. जिनं जन्मभर एका नवऱ्याशिवाय कुणाला पाहिलं नाही तिलाही तो होतो, कारण तो नवऱ्याकडून येतो, आणि नवऱ्यालाही आपल्याला तो झालाय याचा पत्ता नसतो. कॅन्सर झालेल्या बाईकडे त्या नजरेनं बघणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. आणि "आमची मुलगी तसली नाही" असं म्हणून लस नाकारणारी आई नकळत हाच अन्याय आपल्या लेकीवर करते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लस विषाणूला अंगात शिरू देत नाही. एकदा शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढू शकत नाही, आणि बिघडलेल्या पेशी दुरुस्तही करत नाही. म्हणून ती विषाणूशी गाठ पडायच्या आधी द्यायची, म्हणजे लग्नाच्या, संबंधांच्या बऱ्याच आधी. दुसरं कारण शरीराचं. नऊ ते चौदा या वयात लसीला मिळणारा प्रतिसाद फार जोरकस असतो. या वयात तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी शरीराची हत्यारं, वीस-बावीसच्या मुलीत तयार होणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. म्हणूनच लहानपणी कमी डोस पुरतात. आणि तिसरं कारण आपल्या समाजाचं, जे बोलायला आपल्याला जड जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातली एक. "लग्नाच्या वेळी बघू" म्हणणाऱ्या घरात ती वेळ सोळाव्या वर्षीच येऊन ठेपलेली असते.

विट्याकडच्या एका गावातल्या सभेत हे सगळं सांगून झाल्यावर एक आई उठून म्हणाली, "ताई, हिला अजून पाळीबी आली न्हाई. पाळीच्या आधी दिली तर चालंल का?" चालेल. पाळी सुरू झालेली असो, नसो, किंवा त्याच दिवशी चालू असो, लसीला काही फरक पडत नाही. मागं बसलेली तिची सासू म्हणाली, "पण ह्येच्यानं पुढं मूलबाळ हुत न्हाई म्हंत्यात." तिच्याकडे वळून मी तेव्हा जे सांगितलं तेच इथं सांगते.

भुईमुगाची पोकळ शेंग बघितलीय ना? वरून अगदी भरल्या शेंगेसारखी, पण फोडली तर आत दाणा नाही. पेरली तर उगवणार काय? लसीत विषाणूचं असंच नुसतं टरफल असतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या दोघांनी १९९१ साली हे टरफल प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एकच प्रथिन घेतलं, तर ते आपोआप जुळून विषाणूसारखा गोळा बनतो. आत विषाणूचा अंश नाही, त्यामुळे त्यातून संसर्ग होणं शक्यच नाही. शरीर मात्र त्याला खरा विषाणू समजून हत्यारं तयार करून ठेवतं. हे प्रथिन यीस्टमध्ये, म्हणजे किण्वासारख्या सूक्ष्म जीवात, तयार करतात. पाव फुगवतात तोही यीस्टच. अंडाशयावर, पिशवीवर किंवा पाळीवर काही करेल असं या लसीत काहीच नाही.

अशी पहिली लस २००६ साली अमेरिकेत मंजूर झाली. तेव्हापासून जगभर कोट्यवधी मुलींना ती मिळाली आहे. त्यांतल्या पहिल्या मुली आज तिशीत आहेत, त्यांना मुलंबाळं झाली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीनं ही माहिती पुन्हा पुन्हा तपासली, वंध्यत्वाशी संबंध सापडला नाही. मूल होण्यावर खरा घाला हा कॅन्सर घालतो. त्याच्या उपचारात पिशवी काढावी लागते किंवा किरणांनी अंडाशय निकामी होतात. कधी कधी तिशीतल्या, एकही मूल नसलेल्या बाईवर ही वेळ येते. ज्या आजीला नातवंडांची काळजी आहे तिनं तर ही लस आधी मागायला हवी, असं मी त्या आजींना म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि सुनेला विचारलं, "सुई कुठं टोचत्यात?"

सुई दंडात टोचतात, बहुतेक डाव्या. अर्धा मिलिलिटर औषध, स्नायूत. दंड दिवसभर दुखतो, थोडी सूज येते, कुणाला कणकण किंवा डोकं दुखणं. दोन दिवसांत जातं. या वयाच्या मुलींना भीतीनं चक्कर मात्र येते, आणि रांगेतल्या एकीला आली की मागच्या दोघींना येते. ही चक्कर भीतीची असते, औषधाची नव्हे. म्हणून मुलीला उपाशी पाठवू नका. पोहे, भाकरी, काहीतरी खाऊन जाऊ द्या. टोचताना बसलेली असावी, टोचल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात, तेवढा वेळ काढा. नर्सताईला विचारून लसीची पेटी बघायलाही हरकत नाही. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते आणि एकदा गोठली की वाया जाते. लसीच्या आधीच्या डोसला किंवा यीस्टला जोराची ॲलर्जी आलेली असेल, किंवा गरोदरपण असेल, तर ही लस देत नाहीत. अंगात जोराचा ताप असेल तर बरं वाटल्यावर. एवढंच.

लस काम करते का, याचं उत्तर आता अंदाजानं द्यावं लागत नाही. २०२० साली स्वीडनमधून आलेल्या मोठ्या अभ्यासात सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्या मुलींत पुढं हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. स्कॉटलंडच्या २०२४ सालच्या अभ्यासात बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या पिढीत या कॅन्सरची एकही केस सापडली नाही. एकही नाही. कॅन्सरच्या बाबतीत असं वाक्य लिहायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता एका जुन्या प्रकरणाकडे येते. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजांत ते अर्धवट येतं आणि भीती पसरवतं. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एका प्रकल्पात हजारो मुलींना ही लस देण्यात आली. पुढं त्यातल्या सात मुलींच्या मृत्यूची बातमी आली आणि देशभर गदारोळ झाला. चौकशीत सर्पदंश, पाण्यात बुडणं, कीटकनाशक पिणं, मलेरिया अशी कारणं पुढं आली. लसीनं मृत्यू झाल्याचं निष्पन्न झालं नाही. पण चौकशीत दुसरी गोष्ट उघड झाली, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आदिवासी वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीनं यावर कडक ताशेरे ओढले. लस सुरक्षित होती, मुलींच्या घरच्यांना न विचारणं चूक होतं. त्या एका चुकीनं आपल्या देशात ही लस कित्येक वर्षं मागं पडली. आजही शाळेतून "उद्या लस आहे, मुलीला पाठवा" एवढाच निरोप जातो तेव्हा मला हीच गोष्ट आठवते. आठ दिवस आधी सभा घ्या, कागद घरी द्या, वडिलांनाही बोलवा, "नको" म्हणणाऱ्याला पुन्हा यायला जागा ठेवा. सिक्कीमनं २०१८ साली आधी शिक्षक आणि पालकांशी भरपूर बोलून मग शाळांमधून लस दिली आणि ९५ टक्क्यांच्या वर मुली लसवंत झाल्या. उलट जपानमध्ये २०१३ साली अफवा आणि बातम्यांच्या दबावाखाली सरकारनं लसीची शिफारस थांबवली. सत्तर टक्क्यांवर गेलेलं लसीकरण एक टक्क्याच्या खाली आलं, आणि शिफारस पूर्ववत व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या नऊ वर्षांतल्या मुलींना त्याची किंमत मोजावी लागणार आहे.

खम्ममच्या त्या गदारोळाचा एक परिणाम असा झाला की एप्रिल २०१० मध्ये सरकारनं देशभरातले एचपीव्ही लसीचे सगळे प्रयोग थांबवले. त्या वेळी एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघणारा. पुणे आणि आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी ही त्याच्या केंद्रांपैकी दोन ठिकाणं. देशभर सुमारे १७ हजार ७०० मुलींना लस मिळाली होती. अचानक थांबवल्यामुळे त्यांतल्या जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचे राहिले. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जाऊन, त्या लग्न होऊन सासरी गेल्यावर तिथं शोधून, पाठपुरावा केला. २०२१ साली निष्कर्ष आला : एकाच डोसवर राहिलेल्या मुलींनाही १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं होतं, दोन-तीन डोस घेतलेल्यांइतकंच. केनियातल्या अभ्यासातूनही तसंच दिसलं. त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की ९ ते २० वयाच्या मुलींना एक डोसही पुरतो. आज जगभरच्या गरीब देशांत एका सुईवर लाखो मुलींना संरक्षण मिळतंय, त्यात बार्शीच्या खेड्यांतल्या मुलींचा वाटा आहे. हे आपल्या शाळांत अभिमानानं सांगायला हवं.

खासगी दवाखान्यात गेलात तर डॉक्टर कदाचित दोन डोस सांगतील. घाबरू नका. लसीच्या खोक्यावरच्या मंजुरीनुसार चौदापर्यंत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन, आणि पंधराच्या पुढं तीन असं लिहिलेलं असतं. एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा आजार असेल तर किमान दोन, शक्य तर तीन डोस हवेतच. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही देशात बनलेली लस २०२२ मध्ये मंजूर झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली, तेव्हा एका डोसची किंमत २००० रुपये होती. बाहेरून येणाऱ्या लसी याहून महाग पडतात. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला दोन हजारही परवडत नाहीत, म्हणून सरकारी मोहिमेतली मोफत लस सोडू नका. कुठल्या वयाला, कुठल्या दिवशी, कुठल्या केंद्रात, हे गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मोफत मिळते म्हणून ती हलकी नसते. पोलिओचे थेंबही आपण मोफतच घेतले.

"लस दिली तर मुलगी बिघडेल" ही भीती बाप लोक बोलून दाखवत नाहीत, पण मनात असते. कावीळ-बी ची लस आपण जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला देतो. तो विषाणूही रक्तातून पसरतो तसा संबंधांतूनही पसरतो. त्यानं कुठलं बाळ बिघडलं? परदेशांत यावर अभ्यास झाले, लस घेतलेल्या मुलींच्या वागण्यात फरक दिसला नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या लेखी ती दंडातली एक सुई असते, बाकीचा अर्थ मोठ्यांच्या डोक्यात असतो.

मुलीला काय सांगायचं? खरं सांगायचं, तिच्या वयाला झेपेल एवढं. "पोटात पिशवी असते, तिच्या तोंडाला मोठेपणी कॅन्सर होऊ शकतो, तो होऊ नये म्हणून ही लस." नऊ-दहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. तेरा-चौदाच्या मुलीनं "कशानं होतो?" विचारलं तर "विषाणूनं होतो, तो मोठेपणी शरीरसंबंधांतून येतो" असं आईनं किंवा शाळेतल्या बाईंनी सरळ सांगावं. "ताकदीचं इंजेक्शन आहे" असली थाप मारू नये. मुली हुशार असतात, वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर त्यांना दुपारपर्यंत सगळं कळतं, आणि मग आईच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही. तिला विचारा, घाबरलीस का. "नको" म्हणाली तर का ते ऐका.

मुलग्यांनाही ही लस चालते. त्यांना या विषाणूनं घशाचे आणि गुदद्वाराचे काही कॅन्सर होतात, आणि विषाणू पुढं देणारेही तेच असतात. परवडत असेल त्यांनी मुलग्यालाही द्यावी. सरकारी पैसा मर्यादित असताना तो आधी मुलींवर जातो हे मला योग्य वाटतं. मोठ्या मुलींसाठी सर्व्हावॅक सव्वीसपर्यंत मंजूर आहे. लग्न झालं असलं तरी ती घेता येते, फायदा थोडा कमी होतो एवढंच.

आणि आयांसाठी वेगळं सांगायचं आहे, कारण लसीच्या सभेला लेकीसाठी आलेली आई स्वतःचा विचार करतच नाही. तिच्यासाठी लस नव्हे, तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. तपासणी साधी असते. गर्भाशयमुखावर सौम्य व्हिनेगरसारखं ॲसिड लावतात, मिनिटभरात बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. दुखत नाही, भूल लागत नाही. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. बिघाड असलाच तर बहुतेकदा ती कॅन्सरच्या कितीतरी आधीची पायरी असते, आणि ती जागा तिथल्या तिथं गोठवून किंवा उष्णतेनं जाळून टाकता येते. दुसरी एचपीव्ही चाचणी, ती अधिक चांगली. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनंसुद्धा या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर ही तपासणी करायचीच, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही. पांढरं जातंय म्हणून कुणी तपासणी न करताच "पिशवी काढून टाकू" म्हणालं तर तिथून उठा आणि आधी गर्भाशयमुखाची तपासणी मागा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेल्या पण वर्गात नसलेल्या मुलींची. जत तालुक्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. कराड, वाळवा भागातल्या कारखान्यांवर बीडकडच्या टोळ्या येऊन कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बांधून राहतात. माण-खटावातले धनगर मेंढरं घेऊन फिरतीवर असतात. या घरांतल्या मुलींची लग्नं लवकर होतात, म्हणजे लसीची गरज त्यांना सगळ्यात आधी, आणि शाळेत लस आली त्या दिवशी त्या फडात असतात, नाहीतर कोपीवर धाकट्याला सांभाळत. जतच्या पूर्व भागात घरातली भाषा कानडी, तिथं मराठी पत्रकाचा उपयोग नाही, कानडी बोलणारी ताईच हवी. दसऱ्याच्या आत, टोळी निघण्याआधी, गावात एक दिवस धरता येईल. नाहीतर गळीत हंगामात कारखान्याच्या तळावर, सकाळी टोळी फडावर जायच्या आधी. मुकादमाला आदल्या दिवशी सांगून, आईबापाला समोर बसवून, त्यांचा होकार घेऊन. पूर्वी हे अशक्य वाटायचं, कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या डोसला त्या मुलीला शोधायचं कुठं? आता एका डोसवर काम भागतं, त्यामुळे मार्चमध्ये टोळी गावाकडे परतली तरी त्या मुलीचं काही अर्धवट राहत नाही.